यादी वाचून दाखवा : धानपट्ट्यातल्या एका मतदार गटाच्या नोंदी

८ जुलै २०२४, सोमवार

वाचनालयाच्या ओसरीवर बैठक. पाऊस सुरूच होता, तरी बचत गटाच्या बाया रोवण्यावरून (धानाच्या लावणीवरून) परस्पर आल्या, पायाचा चिखल तसाच. गावात सध्या एकच विषय : लाडकी बहीण योजनेचे कागद. अधिवास दाखला नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला किंवा मतदार ओळखपत्र, यांतलं एक चालतं हे कळल्यापासून घरोघरच्या पेट्या उघडल्या. त्यातून जुनी मतदान कार्डं निघाली आणि त्यांच्याबरोबर घोळही निघाले. एकीच्या कार्डावर नवऱ्याचं नाव भलतंच. दुसरीचं कार्ड अजून माहेरच्या पत्त्यावर. तिसरीकडे कार्ड ठणठणीत आहे, पण १९ एप्रिलला लोकसभेच्या मतदानाला गेली तर यादीत नावच नाही म्हणून परत आली.

विधानसभा यंदाच आहे. शाळेतल्या तरुण मास्तरांचं म्हणणं रॅली काढावी, भिंती रंगवाव्यात, मुलांच्या हाती फलक द्यावेत. मी विरोध केला. आपल्याकडे मत देऊ नका असं कोणी म्हणतच नाही. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, मतदानाचा दिवस सणासारखा असतो, नवी लुगडी निघतात. माणूस बूथपर्यंत जातो आणि यादी त्याला परत पाठवते. मग घोषणा कोणासाठी द्यायच्या? अंगणवाडीच्या ताईंनी एका वाक्यात निकाल लावला : "पयले यादी वाचून दाखवा, मंग रॅली काढा." ठरलं.

१४ जुलै, रविवार

कामाची वाटणी. आमच्या मतदार गटात सगळ्या पक्षांची माणसं आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. म्हणून दोन नियम : जो कोणत्याही उमेदवाराचा बूथ एजंट होणार असेल त्यानं आत्ताच बाजूला व्हावं, आणि कोणाचा अर्ज भरून देताना "मत कोणाला देशील" हे गमतीतही विचारायचं नाही. एक जण बाजूला झाले. चांगला माणूस होता, अक्षरही चांगलं होतं. पण बरं झालं.

८ ऑगस्ट, गुरुवार

परवा, ६ तारखेला, प्रारूप (कच्ची) मतदार यादी लागली. दावे-हरकतींना २० ऑगस्टपर्यंत मुदत, अंतिम यादी ३० तारखेला. संकेतस्थळावरून आमच्या गावचा भाग उतरवून घेतला, तालुक्याला जाऊन छापून आणला. कोतवालानं सकाळीच मुनादी (दवंडी) दिली. संध्याकाळी समाजमंदिरात वाचन.

वाटलं होतं, नावं वाचायला कोण बसणार? पण जागा पुरली नाही. कारण यादीत सगळं गाव असतं. मेलेल्यांची नावं आली तेव्हा आधी हशा, मग कोणीतरी "बाप्पा, त्याले जाऊन चार पोये झाले" (चार पोळे, म्हणजे चार वर्षं) म्हणायचं आणि क्षणभर सगळे गप्प. लग्न होऊन गेलेल्या पोरी अजून आमच्याच यादीत. लग्न होऊन आलेल्या सुना मात्र नाहीत. घर क्रमांकाच्या रकान्यात ठिकठिकाणी नुसती आडवी रेघ, त्यामुळे एकाच घरातली माणसं यादीत चार ठिकाणी विखुरलेली.

एक अडचण मला सुचलीच नसती. यादीत बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव असतं, आणि आमच्या म्हाताऱ्या बाया नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत. चुकलेलं नाव दुरुस्त करायचं तर बरोबर काय ते सांगावं लागतं. एक काकू नुसती मान हलवत राहिल्या, हे नाही, हेही नाही. शेवटी नातीनं आजोबांचं नाव सांगितलं आणि काकूंनी पदर तोंडाला लावला. पुढच्या वाचनाला बायांचा भाग ताईच वाचतील, आणि दुरुस्ती सांगायला घरातलं लहान मूल सोबत आणा, असं मुनादीतच सांगायचं ठरलं.

खरा खड्डा टोल्यावर, गावाबाहेरच्या वस्तीवर, निघाला. टोल्यावरची बरीच घरं धान चुरून (मळून) झालं की तेलंगणात मिरची तोडायला जातात, खम्मम, वरंगलकडे. पोरंबाळं घेऊन जातात आणि उन्हाळ्यात परततात. लोकसभेच्या मतदानाला ती तिकडेच होती. आता रोवण्यासाठी सगळी गावात आहेत, पण त्यांतल्या काही घरांची नावं यादीतून उडालेली. मागच्या रांगेतून एक जण उठला : "माझा नाव कोनं कापलन? मी का मेलो का?" कोणी तरी म्हणालं, तुम्ही गाव सोडून जाता ना. तो तिथंच उभा राहून बोलला, "आमी मिरची तोडाले जातो. गाव सोडाले नाही जात."

हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

११ ऑगस्ट, रविवार

शाळेत अर्जांचं शिबिर. बीएलओ (आमच्या बूथच्या यादीचं काम पाहणारे) गुरुजी दिवसभर बसले, जेवायलाही गेले नाहीत. त्यांच्याकडे वर्ग आहे, पोषण आहाराची वही आहे आणि वर हे. यादीच्या चुकांसाठी आपण त्यांना धारेवर धरतो, ते काही बरोबर नाही.

इतर गावांतल्या गटांना उपयोग व्हावा म्हणून लिहितो. नवीन नाव घालायचं तर नमुना ६. पत्ता बदलला, नाव-वय-नातं चुकलं, कार्ड हरवलं, या सगळ्याला आता एकच नमुना ८. नाव वगळण्यासाठी किंवा कोणाच्या नावावर आक्षेप घेण्यासाठी नमुना ७. माहेरच्या यादीत नाव असलेल्या सुनेनं नमुना ६ भरू नये, ८ भरावा. नाहीतर एकाच बाईची दोन नावं होतात आणि पुढे दोन्हींवर आक्षेप येतो. वयासाठी दहावीची सनद, जन्माचा दाखला, आधार चालतं. पत्त्यासाठी वीजबिल, पासबुक, सातबारासुद्धा चालतो. विजेचं बिल सासऱ्याच्या नावाचं असतं आणि सातबारावर सुनेचं नाव नसतं, म्हणून सुनांसाठी पासबुक हाच सोपा कागद.

पोरांना सांगायची गोष्ट : २०२२ पासून अठरा वर्षं पूर्ण झाल्याची तारीख, म्हणजे अर्हता तारीख, वर्षातून चारदा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्याला आगाऊ अर्ज करता येतो. पूर्वी फक्त १ जानेवारी होती, त्यामुळे फेब्रुवारीत जन्मलेलं पोर जवळजवळ वर्षभर बाहेर राहायचं.

टोल्यावरच्या ज्यांची नावं उडाली त्यांचे नमुना ६ नव्यानं भरले, जुन्या कार्डाची झेरॉक्स जोडली. गुरुजींना १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० दाखवलं. माणूस तात्पुरता बाहेर गेला एवढ्यावरून तो तिथला रहिवासी राहत नाही असं होत नाही, हे त्यात सरळ लिहिलं आहे. गुरुजी म्हणाले, "कलम मले माहीत आहे. पन एप्रिलात घरोघर गेलो तं कुलूप. शेजारी म्हनते, गेले. कुठी गेले, कवा येनार, कोनी सांगत नाही." त्यांचंही खरं आहे. कुलूप पाहून मिरची कळत नाही.

१५ ऑगस्ट, गुरुवार

झेंड्यानंतर ग्रामसभा. कोरम नाही, सभा तहकूब. यादीचा विषय घ्यायचा होता, राहिला.

१९ ऑगस्ट, सोमवार

उद्या शेवटची तारीख. आक्षेपांची यादी फलकावर लागते, नमुना १० म्हणतात तिला. ती कोणी वाचत नाही. ताईंनी वाचली. टोल्यावरच्या ज्या घरांची नावं अजून यादीत होती, त्यांतल्या कितीतरी नावांवर नमुना ७ आलेला. कारण एकच : कायमचं स्थलांतर. आक्षेप घेणारा एकच माणूस, आमच्याच गावचा मजूर.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. "मी अंगठा मारतो बा, मले सही येतच नाही," म्हणाला. कागदावर तर झोकदार सही होती. तो घाबरला होता, आणि घाबरण्यासारखं आहेच : आक्षेपात खोटं लिहिणाऱ्याला एक वर्षापर्यंतची कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. त्याला समजावलं की तूच आधी लिहून दे, हा अर्ज माझा नाही. ताईंनी मजकूर लिहिला, मोठ्यानं वाचून दाखवला, त्यानं अंगठा दिला.

हे कोणी केलं ते सारं गाव जाणतं असं सारं गाव म्हणतं. नोंदवहीत लिहावं इतका पुरावा माझ्याजवळ नाही, म्हणून लिहीत नाही. पण का केलं असेल ते मात्र लिहितो. विधानसभेला टोल्यावरच्या मतांनी काही उलथापालथ होत नाही. ग्रामपंचायतीला होते. ग्रामपंचायतीची मतदार यादी वेगळी बनत नाही, विधानसभेचीच यादी वॉर्डांत फोडतात. इथून नाव गेलं की तिथूनही गेलं, आणि वॉर्डातली जागा दहा-वीस मतांवर फिरते. सगळे मुंबईच्या निवडणुकीकडे डोळे लावून बसलेले असताना गल्लीतली निवडणूक अशी आधीच लढून होते.

२७ ऑगस्ट, मंगळवार

सुनावणी. नाव वगळण्याआधी त्या माणसाला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, हे त्याच कायद्याच्या कलम २२ मध्ये आहे. ट्रॅक्टर ठरवला, डिझेलला वर्गणी. रोवणा आटोपला होता म्हणून बरं, नाहीतर मजुरी बुडवून कोण आलं असतं? प्रत्येकानं सोबत रेशन कार्ड, जॉबकार्ड आणि मुलांच्या शाळेचा बोनाफाईड आणला. बोनाफाईडची कल्पना एका बाईची. पोरं इथल्या शाळेत असली तर आम्ही कुठले, एवढाच तिचा मुद्दा होता. अधिकाऱ्यांनी कागद पाहिले, मजुराचं लिहून दिलेलंही वाचलं. बाहेर आल्यावर सगळ्यांनी भजी खाल्ली.

निर्णय विरुद्ध गेला असता तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. त्या अपिलाचा मसुदा खिशात तयार होता, लागला नाही.

३ सप्टेंबर, मंगळवार

पोळ्याच्या गडबडीत अंतिम यादी हाती आली. टोल्यावरची आक्षेपाची नावं कायम. नव्यानं भरलेली बहुतेक आली. एका आजीचं नाव आलं पण पुरुष म्हणून, वय मात्र बरोबर. आजीला सांगितलं तर म्हणाल्या, "मंग आता मिशी लावून जाऊ का?" नमुना ८ पुन्हा भरला.

१९ ऑक्टोबर, शनिवार

१५ तारखेला निवडणूक जाहीर झाली : मतदान २० नोव्हेंबर, मोजणी २३ ला. आज नव्या नावांचे अर्ज या निवडणुकीसाठी घेण्याचा शेवटचा दिवस. उरलेले अर्ज ऑनलाइन भरायला पोरं पाण्याच्या टाकीवर चढून बसली, तिथंच रेंज येते. रात्रीपर्यंत जमलं तेवढं केलं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

पंच्याऐंशीच्या वरच्यांना आणि चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता येतं. त्यासाठी नमुना १२ड, अधिसूचनेपासून पाच दिवसांत, म्हणजे उद्यापर्यंत. अर्ज घेऊन घरोघर फिरलो. खाटेवर असलेल्यांनी आनंदानं भरला. मात्र एक आजोबा ऐकेनात. एकदा १२ड मंजूर झाला की बूथवर मत देता येत नाही हे कळल्यावर त्यांनी कागद परत केला. पहिलं मत १९६२ ला दिलं, तेव्हा एकविसाव्या वर्षी मिळायचं; तेव्हापासून एकही चुकवलं नाही म्हणतात. "घरी बसून मत देलो तं गावाले कसं कळन का मी जिता हावो?" मी आग्रह केला नाही. काठी आणि नातू सोबत असले म्हणजे झालं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

भाऊबीज झाली, मंडई (दिवाळीनंतरची गावजत्रा) सुरू. आमच्या गावच्या मंडईत नाटकाआधी आमची दंडार, म्हणजे झाडीपट्टीचं लोकनाट्य. आचारसंहिता आहे, भोंग्याची परवानगी काढली, मजकूर दोनदा वाचला की कुठे कमळ, पंजा, घड्याळ, मशाल असं काही चुकूनही तोंडातून जाऊ नये.

गोष्ट टोल्यावरच्याच एका पोरानं रचली. मेलेला म्हातारा यमाकडे एक दिवसाची सुटी मागतो, कारण यादीत त्याचं नाव अजून आहे. यम म्हणतो, पुरावा दाखव. म्हातारा यादी दाखवतो. यम मान्य करून त्याला रेड्यावर बसवून बूथवर आणतो. तिथं त्याची जिवंत सून रांगेत उभी, हातात बाळ, आणि साहेब तिला सांगतो की तुझं नाव नाही. मग सासरा यमाला म्हणतो, माझं नाव हिला दे आणि मला घेऊन चल. यम म्हणतो, नाव देता येत नाही, नमुना ६ भर. लोक हसून लोळले. सुनेचं काम करणारा आमचा न्हावी, त्याचं रडणं इतकं खरं की पुढच्या बाया डोळे पुसत होत्या.

शेवटी पाच मिनिटं कामाची गोष्ट सांगितली. घरी येणारी मतदार चिठ्ठी हा ओळखीचा पुरावा नाही. कार्ड नसेल तर आधार, जॉबकार्ड, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, पॅन कार्ड यांतलं काही न्या. बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्रात चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती पाहूनच बाहेर या. कोणी पाकीट दिलं, साडी दिली, तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर फोटो टाकता येतो. इथं मंडपात एकदम शांतता. लक्ष्मीदर्शनाबद्दल गावात कोणी भाषण ऐकून घेत नाही, आणि मला ते देताही येत नाही. ज्या घरात रोजची मजुरीच आधार, त्याला नैतिकता शिकवायला मी कोण? एवढंच सांगितलं की यंत्रात तुम्ही काय दाबलं ते देणाऱ्याला कळत नाही. हे वाक्य पुष्कळांनी नंतर पुन्हा विचारून खात्री करून घेतलं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

संध्याकाळी सहाला प्रचार थांबला, आमचं बोलणंही थांबवलं. पण कामं उरली आहेत.

धान कापणी ऐन भरात. मतदानाच्या दिवशी रोजंदारीवरच्यालाही मजुरी न कापता सुटी द्यावी असं कायद्यात आहे, पण तो कायदा आस्थापनांसाठी आहे. बांधीवर (धानाच्या शेतावर) हजेरीपट नसतो. पाऊस येईल या धास्तीनं कडपा (कापून पसरलेलं धान) कोणी पडू देत नाही. ज्या बाया गुत्त्यानं (ठेक्यानं) कापतात त्यांना विचारलं, त्यांनी स्वतःच ठरवलं : सकाळी मत, दहानंतर बांधी. शेतमालकांनीही मानलं, नाही म्हणून करणार काय, विळे बायांच्याच हातात.

दुसरं, वाघ. टोल्यावरून बूथला येणारी पायवाट झुडपी जंगलातून आहे. पहाटे कोणी एकटं निघायचं नाही, ऊन पडल्यावर घोळक्यानं यायचं. कोणाची गाडी घ्यायची नाही. उमेदवाराच्या माणसानं मतदारांची ने-आण करणं हा भ्रष्टाचार ठरतो, आणि गावात ज्यांच्याकडे गाडी आहे ते सगळे कोणाचे तरी माणूसच आहेत.

२० नोव्हेंबर, बुधवार

बूथपासून शंभर मीटरच्या आत आम्ही कोणी नाही, तो कायदाच आहे. वाचनालयाच्या ओसरीवर यादी घेऊन बसलो, अनुक्रमांक शोधून देणं एवढंच काम.

नऊच्या सुमारास टोला आला. पुढे बाया, मागे पुरुष, पोरं कडेवर. आत थोडी थांबाथांब झाली. केंद्राध्यक्षांकडे एक वेगळी यादी असते, गैरहजर, स्थलांतरित आणि मयत असा संशय असलेल्यांची. टोल्यावरची काही नावं तिच्यात होती. त्या यादीत नाव आहे म्हणून मत नाकारत नाहीत, ओळखपत्र नीट तपासतात आणि लिहून घेतात. हे आम्ही आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून कोणी माघारी फिरलं नाही. जॉबकार्ड पुढे करून उभे राहिले. सगळ्यांनी मत दिलं.

बासष्टवाले आजोबा नातवाच्या खांद्याला धरून आले, बोट वर करून सगळ्यांना दाखवत परत गेले.

वेळ संपली तेव्हा कापणीवरून आलेल्या बायांची रांग होती. शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटत आले, म्हणजे मागून कोणी घुसू नये. रांगेत असलेल्या सगळ्यांना मत देता आलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

काल निकाल. त्यावर या वहीत काही लिहायचं नाही असं ठरलं आहे. राज्यात साधारण ६६ टक्के मतदान झालं म्हणतात. आपल्या बूथचं वाढलं का, असं सगळे विचारतात. मला तो आकडा तेवढा महत्त्वाचा वाटत नाही. मयतांची नावं निघाली तरी टक्का वाढतो. कोण परत गेलं हे विचारा. यंदा यादीत नाव नाही म्हणून परत गेलेल्या तिघी, तिघीही नव्या सुना, त्यांनी १९ ऑक्टोबरनंतर अर्ज आणले होते.

१२ जानेवारी २०२५, रविवार

मिरचीच्या मुकादमाचे फोन सुरू झाले. टोल्यावर बैठक. पुन्हा कुलूप दिसणार, पुन्हा शेजारी "गेले" म्हणणार. मग गुरुजींच्या हाती काय द्यायचं? बोनाफाईडवाली बाई म्हणाली, जायच्या आधी ग्रामसभेतच लिहून ठेवू, कोण जातो, कधी येतो. ठरावानं यादीत नाव राहतं असं नाही, तो अधिकार नोंदणी अधिकाऱ्यांचा. पण सुनावणीत पुढे करायला कागद असतो, आणि आक्षेप घेणाऱ्यालाही कळतं की कोणी तरी लिहून ठेवलं आहे.

२६ जानेवारी, रविवार

काल राष्ट्रीय मतदार दिवस होता, शाळेत शपथ झाली. त्याआधी महिलांची ग्रामसभा, तिथं ताईंनी ठराव मांडून घेतला.

आज मुख्य सभा. कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांत जे कमी ते. तहकूब सभेला कोरम लागत नाही, म्हणून काही गावांत पहिली सभा मुद्दामच पडू देतात आणि दुसरी चार खुर्च्यांत उरकतात. आज तसं होऊ द्यायचं नव्हतं. टोला अख्खा आला, बचत गट आले, सह्या-अंगठ्यांची वही सभा सुरू होण्याआधीच भरली.

विषय मांडल्यावर एक आवाज आला, उद्या पुण्याला गेलेलेही नाव ठेवा म्हणतील. प्रश्न चुकीचा नाही. उत्तर मिरचीवाल्यानं दिलं : पुण्याला गेलेल्याचं घर इथं राहते का, त्याचं पोरगं या शाळेत आहे का, तो रोवण्याले येते का? येत असन तं त्याचंही लिहा. बराच वाद झाला, त्यातून ठरावात एक ओळ वाढली : घर, शेत किंवा मुलांची शाळा गावात असलेल्यांचीच नोंद घ्यावी. माझ्या मते त्या ओळीनं ठराव पक्का झाला.

मंजूर. प्रत्येक कुटुंबाचं नाव, जाण्याचं ठिकाण, परतीचा महिना आणि एक मोबाईल नंबर, अशी यादी ठरावाला जोडली. ग्रामसेवकांनी प्रत दिली, गुरुजींनी पोच दिली. पुढचं यादी वाचन १ एप्रिलच्या अर्हता तारखेनंतर, बायांचा भाग ताई वाचतील, टोल्याचा भाग दंडारीतला यम. टोल्यावरची माणसं तेव्हा तेलंगणात असतील, म्हणून त्यांचा भाग फोनवर, स्पीकर लावून.